लांब शिट्टी

“अजून कोणीतरी बोला,” गुरुजी म्हणाले. “काहीतरी राहिलंय मनात.”

नदीच्या घाटावर पत्रावळीवर भाताचे पिंड मांडले होते आणि अर्धं मांडवे गाव हात जोडून कावळ्याची वाट बघत उभं होतं. माझ्या वडिलांचा, आबांचा, तो दहावा. पिंडाला कावळा शिवला की माणूस समाधानानं गेला, आणि नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली, असं आमच्याकडे मानतात. मग घरचे एकेक वचन देत जातात. हे करू, ते सांभाळू, काळजी करू नका. योग्य ते वचन सापडलं की कावळा येतो म्हणे.

त्या दिवशी वचनांची नुसती रीघ लागली होती. कावळा मात्र ढिम्म. पिंपळावर चार-पाच बसले होते, तेही आमच्याकडे पाठ करून.

आबांना मुलगा नव्हता, मी एकुलती एक. म्हणून सगळे विधी माझा चुलतभाऊ संपतदादा करत होता. बिचाऱ्याच्या तुळतुळीत डोक्यावर ऊन तापायला लागलं होतं. त्यानं पहिलं वचन दिलं, “काका, काकूला मी अंतर देणार नाही.” दादा मनापासून बोलला, त्याचा आवाज फुटला. मलाही रडू आलं. कावळा आला नाही.

मग आमच्या शाळेचे चेअरमन बजरंगराव पुढे आले. आमच्या भागात दहाव्याला माइक असतो, श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि माइक दिसला की बजरंगरावांना राहवत नसे. “काळोखे सरांनी या मातीत कबड्डी रुजवली,” ते म्हणाले. “त्यांच्या नावाची भव्य कमान शाळेच्या क्रीडांगणावर उभारण्याचं मी या ठिकाणी जाहीर करतो.”

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला राग आला की माझे कान तापायचे. अजूनही तापतात. मुलींना कपडे बदलायला चार पत्रे ठोकून आडोसा करून द्या, म्हणून आबा याच माणसाच्या दारात वर्षानुवर्षं चकरा मारत होते. आडोसा नाही झाला. आम्ही आपल्या घरूनच खेळाचे कपडे आत घालून यायचो. आता म्हणे कमान! कावळा त्यालाही फसला नाही, एवढं मात्र मला बरं वाटलं.

गुरुजी संपतदादाच्या कानाशी वाकले. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं. “सकाळपासून दोन दहावे होऊन गेलेत या घाटावर. पोटं भरलीत त्यांची. थांबावं लागेल.”

पण तात्या थांबणाऱ्यातले नव्हते. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ, संपतदादाचे वडील. धोतर, पांढरी टोपी, आणि गावात शब्दाला वजन. ते पुढे झाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय येणार ते मला तेव्हाच कळलं. गेले आठ दिवस घरात तेच चाललं होतं.

---

आबा गेले ते सकाळी चहा करताना. रोज सकाळचा चहा तेच करायचे. आईला अंथरुणातून उठायच्या आधी कप हातात मिळाला पाहिजे, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. त्या दिवशी दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून आई उठली, तर आबा ओट्याखाली बसलेले, भिंतीला टेकून. हातात चिमटा होता.

असा माणूस होता तो. शाळेत इतिहास शिकवायचा, संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवायचा आणि मधल्या वेळात घराचा होऊन राहायचा. माझी वेणी घालायला तेच शिकले, कारण आईची संधिवातानं बोटं आखडायची. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा जिल्ह्याच्या गावाला मोठ्या शाळेत मुख्याध्यापक होऊन चला म्हणून लोक मागे लागले होते. आबा म्हणाले, “आईला इथलीच नदी दिसली पाहिजे खिडकीतून.” विषय संपला. संपतदादा आमच्याच घरी राहून शिकला. लोक हसायचे. बायकोचं ऐकतो, भाजी निवडतो, पोरींच्या मागं पळतो. आबा कुणाला उत्तर देत नसत. भाजी मात्र दारात बसूनच निवडायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

ग्राउंडवर मात्र वेगळेच. तिथं मी मुलगी नव्हे, डावी कोपरारक्षक. चुकलं की सगळ्यांच्या आधी मला ओरडा. चढाई करणारी आमची शकिला मुलाणी पकडीत सापडली आणि तिनं दम सोडला की आबा लाइनीवर उडी मारून ओरडायचे, “दम कोण सोडतं? अंगावर सातजणी बसल्या तरी तोंड आपलं चालू पाहिजे! बोट लाइनीला लागेपर्यंत डाव जिवंत आहे!”

सराव संपला की एकच लांब शिट्टी. मग आम्ही चिंचेखाली गोल बसायचो आणि आबा पिशवीतून गूळ-शेंगदाणे वाटायचे. मूठभर आम्हाला, आणि मग उरलेले लांब भिरकावून द्यायचे. आमच्या हातून सांडलेला दाणाही उचलू द्यायचे नाहीत. “तो दुसऱ्यांचा वाटा,” म्हणायचे. कमळी एकदा म्हणाली, “सर, आमचं पोट नाही भरलं अजून.” तर म्हणाले, “मग जिंकून ये, तुला लाडू देतो.”

आबा जायच्या दोन महिने आधी तात्यांनी एक स्थळ आणलं होतं. शेजारच्या गावचे, बागायतदार, मुलाचं खताचं दुकान. ते नेमके संध्याकाळी आले. आबांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, “मुलगी ग्राउंडवर आहे. बघायचीय ना? चला, तिकडंच बघा.”

आणि खरंच घेऊन आले! मी तेव्हा शकिलाच्या घोट्याला धरून धुळीत आडवी पडले होते, तोंडात माती. वर बघते तर कडेला पाचजण, चौघं टोप्या घातलेले आणि एक म्हातारी. तिनं तोंडाला पदर लावला. जाताना मुलाचा बाप तात्यांना म्हणाला, “मुलगी पसंत आहे. पण हे गुडघे फोडून घेणं बंद करायचं.”

तात्या भडकले होते. “नाम्या, तू माजी लाज घालवलीस.”

“तात्या, तिला विचार,” आबा म्हणाले. “तिला पाहिजे असेल तर उद्या लावू लग्न.”

“पोरीला काय इचारायचं?”

“मग मला तरी कशाला विचारतोस? मी थोडाच नांदायला जाणार आहे.”

आई आतून हसली. मला तो आवाज अजून आठवतो, कारण आई तात्यांसमोर हसायची नाही. थोरला दीर. त्यांच्यासमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही की तिचा आवाज कधी चढला नाही. तात्या आले की ती दाराच्या आड उभी राहून बोलायची, तेही “हो” आणि “बरं” एवढंच.

आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तात्या तेच स्थळ घेऊन बसले.

“वर्साच्या आत उरकाय पायजे,” ते म्हणाले. “न्हाईतर तीन वर्सं थांबाय लागतंय. तवर पोरगी बावीस-तेवीसची. आन त्या लोकांनी निरोप धाडलाय, अजून तयार हाईत म्हून. किती मोठ्या मनाची मानसं!”

“तात्या, पुढच्या महिन्यात राज्याची निवड चाचणी आहे,” मी म्हणाले.

“कुटली चाचणी? बाप गेला, आन तू लंगडी घालाय जानार?”

“लंगडी नाही, कबड्डी.”

“तेच ते.”

आता मला त्यांच्यावर तितका राग नाही. तात्या वाईट माणूस नव्हते. धाकटा भाऊ डोळ्यांदेखत गेला, त्याची बायको-पोर आपल्या पदरात पडली, आणि आपण आपलं कर्तव्य करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्या दिवसांत ते रात्री अंगणात बसून रडायचे. पण रडणारा माणूस आपला गळा आवळायला लागला तर गळा आवळलेलाच असतो ना! मी नाही म्हणाले. रोज नाही म्हणाले. रोज ते म्हणायचे, “बगू दहाव्याला.”

दहाव्याला काय बघणार, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

---

तात्यांनी माइक घेतला नाही. त्यांना गरज नव्हती.

“वैजू, फुडं ये.”

मी पुढे गेले. पिंडासमोर आबांच्या आवडीच्या वस्तू मांडल्या होत्या, आमच्याकडे तशी पद्धत आहे. चष्मा, स्टीलच्या पेल्यात चहा, आणि लाल दोरीची शिट्टी. पत्रावळीवर पिंडांशेजारी आईनं गूळ-शेंगदाणे ठेवले होते, चांगले ओंजळभर. मांडामांड करताना तात्या म्हणालेच होते, “शिट्टी कशाला ती? वर जाऊन काय पोरी खेळवनार हाय का?” आई पदर पुढे ओढून हळूच म्हणाली होती, “राहू द्या.” तात्यांनी राहू दिली.

“माज्या भावाचा जीव कशात आडकलाय ते समद्यांना ठावं हाय,” तात्या म्हणाले. “पोरीच्या लग्नात. बापाचा जीव आनि कशात आडकनार? बोल वैजू. म्हन, ‘आबा, मी वर्साच्या आत लगीन करीन. खेळ सोडीन.’ एवढं बोल, कावळा आत्ता येतोय बग.”

तात्यांना नीट ठाऊक होतं ते काय मागतायत. पिंडासमोर दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. घरात दिलेला मोडता येतो, रागात दिलेला मोडता येतो, पण इथला नाही. मी एकदा बोलले की संपलं. उद्या रडले-भेकले तरी कुणी ऐकणार नाही. बापाच्या पिंडापुढं बोललीस ना, म्हणतील. आणि मीही स्वतःला तेच म्हणेन, त्याचीच जास्त भीती वाटली.

“बोल की,” मागून कोणीतरी म्हणालं.

“बोल बाई, ऊन वाढतंय.”

बजरंगराव माझ्याजवळ सरकले. माइक त्यांच्या हातातच होता, त्यामुळे ते कुजबुजले ते सगळ्या घाटाला ऐकू आलं. “म्हणून टाक ना बेटा. म्हणायला काय जातंय?”

“म्हणायला काही जात नाही,” मी म्हणाले. “पाळायला जातं.”

माझाही आवाज माइकमधून गेला. मला एकदम धीर आला.

“आबांच्या पुढ्यात मी खोटं बोलणार नाही, तात्या. त्यांनी मला कधी वचन मागितलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही स्थळ आणलंत तेव्हा ते म्हणाले, तिला विचार. तुम्ही होतात समोर. मग विचारा मला. आत्ता विचारा, सगळ्यांसमोर.”

“वैजू!”

“मी नाही करणार हे लग्न. खेळही सोडणार नाही.”

बायकांमध्ये चळवळ झाली. “आगं काय बोलती ही!” “बापाचा आत्मा लोंबकळतोय आन हिला खेळाचं पडलंय!” माझी आत्या डोक्याला हात लावून मटकन खाली बसली. आई मात्र खाली बघत होती. तिचं तोंड मला पदरात दिसत नव्हतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिचाही राग आला. एक शब्द तरी बोल, असं वाटलं. तुझा नवरा होता. तुला ठाऊक आहे तो काय म्हणायचा.

“गुरुजी,” मी म्हणाले, “कावळा नाही शिवला तर दर्भाचा करतात ना?”

गुरुजी गडबडले. “करतात. शास्त्रात आहे तसं. दर्भाचा कावळा करायचा आणि पिंडाला लावायचा...”

“मग करा.”

“आमच्या घरात गवताचा कावळा आजपातुर कदी झाला न्हाई!” तात्या ओरडले. “माज्या बापाला आला, आयला आला! माजा भाऊ काय पापी व्हता? अतृप्त जाईल त्यो, तुज्या हट्टापायी! सोताच्या बापाला लटकत ठिवनार हाईस?”

हे मात्र वर्मी लागलं. तोपर्यंत मी ताठ होते. पण आबांना कुठंतरी अर्ध्यात लटकत ठेवलंय, आणि तेही मी, हे ऐकून मी पिंडाकडे वळले. समोर त्यांचा चष्मा होता. एका काडीला मीच गुंडाळलेला दोरा होता. दोन वाक्यं तर बोलायचीत, मला वाटलं. बोलून टाकावं. आबांसाठी. तोंड उघडलंसुद्धा मी.

“वैजू, दम सोडू नको!”

गर्दीच्या पार मागून आवाज आला. शकिला! आमची अख्खी टीम मागे नदीच्या उतारावर उभी होती, खेळाच्या गणवेशात, कारण सरांच्या दहाव्याला काय घालावं ते त्यांना दुसरं सुचलं नव्हतं. “दम सोडू नको गं!” ती परत ओरडली, आणि मग कमळी, नंदा, सगळ्याच.

झालं! एकच गलका उडाला. दहाव्याला आरोळ्या! कोण म्हणतंय, हाकला त्या पोरींना. कोण म्हणतंय, सरांनीच बिघडवल्या. बजरंगराव माइकमधून “शांतता, शांतता” करत होते आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. आत्या रडत होती, संपतदादा अर्धा उठून “अहो, जरा गप बसा” म्हणत होता, तात्या माझ्या दंडाला धरून मला पिंडाकडे ओढत होते, “बोल! बोल म्हंतो ना!”

माझे कान पेटले होते. मला फक्त सगळ्यांनी गप्प व्हायला हवं होतं. आणि पोरींचा असा गोंधळ झाला की सगळ्यांना गप्प कसं करायचं, याचा एकच मार्ग मी लहानपणापासून बघितला होता.

मी वाकले आणि पिंडासमोरची शिट्टी उचलली.

“आगं, शिवू नको! मेलेल्याचं ते!”

ती मी तोंडात घातली आणि छातीत होता तेवढा सगळा वारा भरून एकच, लांब, आबांची शिट्टी वाजवली.

घाट चिडीचूप झाला. तात्यांचा हात माझ्या दंडावरून आपोआप सुटला. इतकी शांतता की नदीचं पाणी पायऱ्यांना लागतंय ते ऐकू येत होतं. मागे उतारावर आमच्या पोरी सवयीनं खाली बसल्या, गोल करून.

“नाही बोलणार,” मी म्हणाले. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “आबा लटकले तर माझ्यासाठी लटकतील. ते चिडणार नाहीत.”

कुणाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पंखांचा आवाज आला.

घाटाच्या डाव्या अंगाला घाणेरीचं कुंपण आहे आणि पलीकडे शाळेचं ग्राउंड. त्या कुंपणावरून कावळे आले. पिंपळावरचे नव्हेत, ग्राउंडवरच्या चिंचेवरचे. एक, मग तीन, मग थवाच्या थवा, काव काव करत, माणसांची भीडभाड न ठेवता. लोक मागे सरले. पहिला पत्रावळीच्या काठावर उतरला. मान तिरकी करून त्यानं शेंगदाण्यांकडे बघितलं, एक दाणा उचलला, आणि दुसऱ्यासाठी पुढे सरकला तसा त्याचा पाय मधल्या पिंडात रुतला.

“शिवला!” गुरुजी ओरडले. “शिवला! शिवला!”

मग काय विचारता! बायका रडायलाच लागल्या. गर्दीतून कोणीतरी “काळोखे सर अमर रहे” म्हणालं. बजरंगरावांनी माइकमधून सांगून टाकलं की सरांची इच्छा आज आपण सर्वांनी प्रत्यक्ष पाहिली. पोरीनं खेळावं, हीच सरांची इच्छा! जणू यांनीच ती ओळखली होती. मघाशी मला नावं ठेवणारी एक म्हातारी पुढे आली आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी मात्र कावळ्यांकडे बघत उभी राहिले होते. दहाबारा कावळे गूळ-शेंगदाण्यांवर तुटून पडले होते आणि मी त्यांना ओळखत होते. त्यातला एक लंगडा होता. चिंचेखाली आमच्या पायांत यायचा, कमळी त्याला हाकलायची. दुसऱ्यांचा वाटा! रोज संध्याकाळी ती लांब शिट्टी वाजली की चिंचेवर बसलेल्या यांना कळायचं, आता दाणे येणार. इतकी वर्षं. आणि गेले दहा दिवस ग्राउंडवर शिट्टी वाजलीच नव्हती. उपाशीच होते म्हणा ना बिचारे.

आबांनी आम्हाला शिकवलं तसं त्यांनाही शिकवलं होतं.

तात्या पिंडासमोर गुडघ्यांवर बसले होते, टोपी हातात घेऊन. गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. “नाम्याला हेच पायजे व्हतं,” ते म्हणाले. “मी थोरला आसून मला कळलं न्हाई. खेळ तू, पोरी.” आणि त्यांनी मला हात जोडले. सख्ख्या चुलत्यानं. मी घाईनं त्यांचे हात धरले आणि मग दोघंही रडलो.

मी त्यांना चिंचेचं, शेंगदाण्यांचं काही सांगितलं नाही. कधीच नाही. का सांगू? आबांना हेच पाहिजे होतं, यात खोटं काय होतं? तात्यांनी नंतर त्या लग्नाचा विषय कधी काढला नाही. उलट राज्याच्या टीममध्ये माझी निवड झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि ज्याला त्याला कावळ्याची गोष्ट सांगितली. दर वेळी त्यांच्या गोष्टीत कावळे वाढत जायचे.

---

दुपारी जेवणावळ उरकली, पाहुणे पांगले. मी मागच्या अंगणात भांडी विसळायला बसले. आई शेजारी येऊन बसली, डोक्यावर पदर नव्हता. दहा दिवसांत मी तिचं तोंड पहिल्यांदाच नीट बघितलं. किती वाळली होती.

“आई,” मी म्हणाले, “ते कावळे...”

“हं.”

“तुला ठाऊक होतं?”

तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि राखेनं घासायला लागली, आखडलेल्या बोटांनी, सावकाश. “रोज सकाळी शेंगदाणे कोण भाजून देत होतं त्यांना?” ती म्हणाली. “अर्धे माझ्या लेकींना आणि अर्धे माझ्या कावळ्यांना, म्हणायचे. वेडा माणूस.”

थोरल्या दिरासमोर तिला तोंड उघडता येत नव्हतं. तिनं उघडलंही नव्हतं. तिनं फक्त एक शिट्टी ठेवली होती आणि ओंजळभर शेंगदाणे.

“मग सांगायचंस ना मला! मी जवळजवळ हो म्हणाले असते!”

“नसती म्हणालीस.”

“तोंड उघडलं होतं मी!”

“तुझ्या आबांची पोर तू. नसती म्हणालीस.” आईनं पातेलं पालथं घातलं, हात धुतले आणि घाटावरून उचलून आणलेली शिट्टी कनवटीतून काढून माझ्या ओल्या तळहातावर ठेवली. ती तिनं स्वच्छ धुतली होती. दोरीसुद्धा.

“पण मी म्हणते, शिट्टी समोर दिसत होती तुला,” ती म्हणाली. “वाजवायला एवढा वेळ का लावलास?”

मला हसू आलं आणि रडूही. आई मात्र गंभीर होती. तिनं आभाळाकडे बघून ऊन कुठवर उतरलंय त्याचा अंदाज घेतला.

“ऊठ आता,” ती म्हणाली. “भांडी मी बघते. पोरी थांबल्या असतील ग्राउंडवर. आणि डब्यातले शेंगदाणे घेऊन जा.”